चुंबकाला न चिकटणारं ‘निकेल’ आणि चिकटणारा आपला रुपया

अमेरिकेत पाच सेंटच्या नाण्याला सगळे ‘निकेल’ म्हणतात. मुलाकडे न्यू जर्सीला राहून आलेल्या आजी-आजोबांच्या पाकिटात एखाद-दुसरं हमखास उरलेलं असतं. त्यात निकेल किती असतं? वजनाने जेमतेम पाव हिस्सा. उरलेलं ७५ टक्के तांबं. तरी नाणं दिसायला पांढरं, कारण तांब्यात पंचवीस टक्के निकेल पडलं की त्याचा लालसरपणा पार पुसला जातो. शिवाय मिश्रण कडक होतं, लवकर झिजत नाही आणि चांदीसारखं काळंही पडत नाही. टांकसाळीला निकेल आवडलं ते यासाठी. या मिश्रणाला कुप्रो-निकेल म्हणतात आणि जगभरातल्या लोकांच्या खिशात ते शंभर-दीडशे वर्षं खुळखुळतं आहे.

नाण्यांमध्ये निकेल आलं ते चांदी परवडेना म्हणून, आणि बऱ्याच नाण्यांतून गेलं ते निकेलच परवडेना म्हणून. लोक निकेलबद्दल जे प्रश्न विचारतात, त्यातल्या निम्म्यांचं उत्तर यात आहे. उरलेल्या निम्म्यांसाठी फ्रिजवरचं चुंबक काढून हातात घ्या.

पाच सेंट चांदीचे होते तेव्हा

अमेरिकेत पाच सेंटचं नाणं आधी चांदीचं होतं, नखाएवढं, सहज हरवणारं. १८६१ साली तिथे यादवी युद्ध पेटलं आणि लोकांनी सोनं-चांदी घरात दडवली. पुढे तांब्याची नाणीही बाजारातून गायब झाली. सुट्ट्यांवाचून व्यवहार अडले, तेव्हा सरकारने चक्क पाच, दहा, पंचवीस सेंटच्या कागदी नोटा काढल्या. नोटांच्या छपाईवर देखरेख करणारा अधिकारी स्पेन्सर क्लार्क याने पाच सेंटच्या नोटेवर स्वतःचंच चित्र छापून घेतलं. तिथली संसद, म्हणजे काँग्रेस, भडकली. १८६६ मध्ये जिवंत माणसाचं चित्र नोटेवर छापायला बंदी आली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात पाच सेंटचं नाणं तांबं-निकेलचं करायचा कायदा झाला.

हा कायदा नुसत्या टंचाईमुळे झाला नाही. पेनसिल्व्हेनियातले उद्योगपती जोसेफ व्हार्टन यांच्याकडे लँकेस्टर परगण्यातली निकेलची खाण होती आणि वॉशिंग्टनमध्ये त्यांचं वजनही होतं. नाण्यात निकेल जावं म्हणून त्यांनी भरपूर खटपट केली. एमबीए करणाऱ्या मुलांना ठाऊक असलेलं व्हार्टन स्कूल याच व्हार्टनचं. धंदा आणि धोरण यांची जवळीक आजकालची नाही.

नवं नाणं बरोबर ५ ग्रॅमचं ठरलं आणि आजही तेवढंच आहे. घरातला छोटा वजनकाटा तपासायला ते छान कामी येतं. पण टांकसाळीची सुरुवातीला दमछाक झाली. निकेलमुळे धातू इतका कडक झाला होता की नाणी ठोकणारे पोलादी ठसे तडकायचे. मागच्या बाजूला ताऱ्यांच्या मधून किरण काढले होते, ते नक्षीकाम नीट उठेना, म्हणून १८६७ मध्ये किरण काढून टाकले.

१८८३ ची फजिती याहून मजेदार. त्या वर्षीच्या नव्या नाण्यावर किंमत म्हणून फक्त रोमन पाच, म्हणजे ‘व्ही’ हे अक्षर होतं. ‘सेंट’ लिहायचं राहिलं. आकार जवळपास पाच डॉलरच्या सोन्याच्या नाण्याएवढा. ठकांना आणखी काय हवं? त्यांनी नाण्यांना सोन्याचा मुलामा दिला आणि पाच डॉलर म्हणून ती दुकानांत खपवली. एका ठकाची दंतकथा अजून सांगतात: तो मुका होता, ‘हे पाच डॉलर आहेत’ असं तो कधी म्हणालाच नाही, म्हणून कोर्टातून सुटला. खरंखोटं देव जाणे. टांकसाळीने मात्र त्याच वर्षी घाईघाईने ‘सेंट्स’ हा शब्द घातला.

पुढे १९१३ ला बायसनचं आणि १९३८ ला माजी अध्यक्ष जेफरसनचं चित्र आलं. दुसऱ्या महायुद्धात चिलखती पोलादासाठी निकेल लागायला लागलं, तेव्हा १९४२ ते १९४५ या काळात ‘निकेल’ नावाच्या नाण्यातून निकेलच हद्दपार झालं. त्याऐवजी ५६ टक्के तांबं, ३५ टक्के चांदी आणि ९ टक्के मँगनीज. ही नाणी ओळखायची खूण सोपी आहे. मागे जेफरसन यांच्या माँटिसेलो या घराचं चित्र असतं, त्याच्या घुमटावर टांकसाळीचं मोठं अक्षर दिसतं. नातेवाइकांनी दिलेल्या चिल्लरीत असं अक्षर सापडलं, तर हातात पावणेदोन ग्रॅम चांदी आहे असं समजा.

आज त्या नाण्याची अवस्था बिकट आहे. २०२४ च्या आर्थिक वर्षात एक निकेल पाडायला आणि वितरित करायला अमेरिकी टांकसाळीला १३.७८ सेंट खर्च आला. नाण्याची किंमत पाच सेंट! त्यातलं पावणेचार ग्रॅम तांबं आणि सव्वा ग्रॅम निकेल भंगारात विकलं तरी, धातूंचे भाव चढले की पाच सेंटच्या वर पैसे होतात. ते वितळवायचा मोह कुणाला होऊ नये म्हणून २००६ च्या डिसेंबरात बंदी आली: पाच वर्षांपर्यंत तुरुंग, दहा हजार डॉलरपर्यंत दंड. एक सेंटचं नाणं पाडणं नोव्हेंबर २०२५ मध्ये थांबलं. निकेल अजून टिकून आहे.

निकेल चुंबकाला चिकटतं ना? मग हे नाणं का नाही?

साध्या तापमानाला चुंबकाला घट्ट चिकटणारे रोजच्या ओळखीचे धातू तीनच: लोखंड, कोबाल्ट आणि निकेल. शुद्ध निकेल चिकटतंच. पण चिकटण्यासाठी शेजारशेजारच्या अणूंनी एकाच दिशेला तोंड करावं लागतं. दिंडीत दर चार माणसांत तीन बघे घुसले, तर वारकऱ्यांची पावलं एका तालावर पडतील का? पाच सेंटच्या नाण्यात तांब्याचे अणू तेच करतात. म्हणून अमेरिकेचं निकेल चुंबकाकडे ढुंकूनही पाहत नाही.

कॅनडाचं पाच सेंटचं नाणं मात्र १९२२ ते १९८१ या काळात, युद्धाच्या वेळचे खंड सोडले तर, जवळजवळ शुद्ध निकेलचं होतं, आणि ते टपकन चिकटतं. त्यांना परवडत होतं, कारण धातू घरचाच. ओंटारियो प्रांतातल्या सडबरीला सुमारे १८५ कोटी वर्षांपूर्वी एक प्रचंड अशनी आदळला. आपलं लोणारचं विवर जसं आघातातून झालं तसंच हे, फक्त त्याच्यापुढे लोणार अगदीच लहान. गंमत अशी की तिथलं निकेल आकाशातून पडलेलं नाही. आघाताने वितळलेल्या जमिनीतलं निकेल आणि तांबं खाली बसून साठलं, त्याच्या खाणी झाल्या. १८८३ मध्ये रेल्वेमार्ग खोदताना ते खनिज पहिल्यांदा हाती लागलं. गावात नऊ मीटर उंचीचं पाच सेंटचं नाणं उभं केलंय, लोक त्याच्यापुढे फोटो काढतात.

आपल्या खिशातलं निकेल

आता घरातला जुन्या नाण्यांचा डबा काढा. बहुतेक घरांत असतो.

ब्रिटिश अमलात निकेल पहिल्यांदा आलं ते १९०७ च्या एक आण्यात, पुन्हा तेच ७५-२५ चं मिश्रण. त्या आण्याची कड नागमोडी, बारा पाकळ्यांची. अंधारात, न वाचता, बोटांनी ओळखू यावा असा. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली आणि १९१८ मध्ये चवली, म्हणजे दोन आणे, चांदीची राहिली नाही, चौकोनी कुप्रो-निकेलची झाली. पुढच्या वर्षी पावली (चार आणे) आणि अधेलीचीही (आठ आणे) तीच गत. दुसऱ्या महायुद्धात निकेलही रणांगणावर गेलं, तेव्हा १९४२ ते १९४५ चे आणे पिवळट पितळी झाले. त्यांत निकेल उरलं नावापुरतं, एक टक्का. त्याच सुमारास चांदीच्या रुपयातली चांदीही निम्म्यावर आली.

मग आला १९४७ चा रुपया. माझ्या मते भारतीय नाण्यांतलं हे सगळ्यात बोलकं नाणं. एका बाजूला मुकुट घातलेला सहावा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला चालणारा वाघ, आणि धातू शुद्ध निकेल. वजन जुन्या चांदीच्या रुपयाएवढंच, ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा. युद्धात अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदी परत करायची होती, त्यामुळे चांदीचा रुपया पुन्हा पाडण्याचा प्रश्नच नव्हता. राज्य जाता जाता चांदीही गेली. या रुपयाजवळ चुंबक नेलं की तो उडी मारून चिकटतो. आधीच्या चांदीच्या रुपयाला चुंबकाचं काहीच वाटत नाही. घरातला ‘चांदीचा’ रुपया नक्की चांदीचा आहे का, हे बघायला एवढी चाचणी पुरते. निदान पहिली चाळणी म्हणून.

१९५० मध्ये राजा जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले, मागे वाघाच्या जागी धान्याच्या दोन ओंब्या आल्या. धातू तोच राहिला. दशमान पद्धत आल्यावर पंचवीस आणि पन्नास नये पैसे निकेलचे झाले. १९६४ ला पंडित नेहरूंच्या निधनानंतर त्यांच्या चित्राचा रुपया आला, तोही निकेलचा. पण आपल्या देशात निकेल निघत नव्हतं, सगळं आयात. सत्तरच्या दशकात रुपया आणि अधेली शुद्ध निकेल सोडून कुप्रो-निकेलवर उतरले, आणि १९९२ पासून रुपया स्टीलचा झाला. हे स्टील म्हणजे ८३ टक्के लोखंड आणि १७ टक्के क्रोमियम. निकेल शून्य.

म्हणजे डब्यातली नाणी चुंबकाने चाचपली तर गंमत दिसते. १९५० चा रुपया चिकटतो, कारण तो निकेल आहे. १९८० चा चिकटत नाही, कारण त्यात तांबं आहे. आजचा पुन्हा चिकटतो, कारण तो लोखंड आहे.

जुनं जाडजूड पाच रुपयांचं नाणं आठवतंय? नऊ ग्रॅमचं, कुप्रो-निकेलचं, हातात घेतलं की पैसे आहेत असं वाटायचं. ती नाणी सीमेपलीकडे बांगलादेशात जातात आणि तिथे त्यांची दाढीची ब्लेड होतात, अशा बातम्या त्या काळात वरचेवर यायच्या. नाण्यातल्या धातूची किंमत नाण्यावर छापलेल्या आकड्याच्या पुढे गेली की हे होणारच, कायदा काहीही म्हणो. कायदा म्हणतो ते असं: २०११ च्या नाणे अधिनियमानुसार नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

एवढं होऊनही निकेल आपल्या खिशातून पुरतं गेलेलं नाही. २०२० पासून चलनात आलेलं वीस रुपयांचं बारा कोनी नाणं बघा. बाहेरचं पांढरं कडं ६५ टक्के तांबं, १५ टक्के जस्त आणि २० टक्के निकेलचं. या मिश्रणाला निकेल-सिल्व्हर म्हणतात, चांदी त्यात औषधालाही नाही. मधली पिवळी चकती निकेल-पितळेची, तिच्यात निकेल ५ टक्के. मोठ्या किमतीच्या नाण्यात महाग धातू घालायला जागा असते, रुपयात नसते. वर्षाखाली पत्त्यातल्या चौकटचं चिन्ह असेल तर नाणं मुंबईच्या फोर्टमधल्या टांकसाळीत पाडलेलं. तारा असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता.

भांड्याला चुंबक चिकटलं म्हणजे स्टील हलकं?

भांड्यांच्या दुकानात हा समज पक्का रुजलेला आहे, आणि तो अर्धाच खरा. चांगल्या स्वयंपाकाच्या भांड्यांचं ३०४ नंबरचं स्टील म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. त्याला चुंबक चिकटत नाही. लोखंड चिकटतं, निकेल चिकटतं, मग दोन्ही एकत्र आल्यावर का नाही? निकेलमुळे लोखंडाच्या अणूंची मांडणीच बदलते, आणि त्या नव्या मांडणीत चुंबकत्व टिकत नाही. हीच मांडणी स्टीलला लवचीक ठेवते, म्हणून खोल पातेलं पत्र्यातून न फाटता ओढता येतं. पत्रा जिथे जोरात वळवला जातो तिथे मांडणी थोडी विस्कटते. म्हणून चांगल्या डब्याच्या काठाशी चुंबक किंचित लागल्यासारखं वाटतं, तळाशी अजिबात लागत नाही. काठाला लागलं म्हणून दुकानदाराशी भांडू नका.

उलट, निकेल कमी करून मँगनीज घातलेलं २०० मालिकेतलं स्वस्त स्टीलही चुंबकाला चिकटत नाही. तेव्हा ‘चिकटलं नाही’ यावरून भांडं उत्तम ठरत नाही. आणि इंडक्शनच्या शेगडीला तर चिकटणारं बूडच लागतं. आंबट आमटी, चिंचेचा कोळ, लोणचं वर्षानुवर्षं ठेवायचं असेल तर ३०४ घ्यावं, तेही बिलावर लिहून.

कान का चिघळतात?

नव्या कानातल्यांनी पाळी लाल होते, खाजते, पाणी सुटतं. ‘तिला खोटं सोसत नाही’ असं घरात म्हणतात. बहुतेक वेळा न सोसणारी गोष्ट निकेल असते. इमिटेशन दागिन्यांवर सोनेरी मुलामा नीट बसावा म्हणून खाली अनेकदा निकेलचा थर देतात. वरचा मुलामा झिजला की घाम निकेलपर्यंत पोहोचतो, त्याचे सूक्ष्म कण विरघळून कातडीत शिरतात, आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांना शत्रू ठरवते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे लवकर होतं. जीन्सच्या बटणाच्या मागे, बेंबीखाली गोल चट्टा येतो, किंवा घड्याळाच्या बक्कलखाली, तोही यातलाच. एकदा ही ॲलर्जी जडली की सहसा आयुष्यभर सोबत करते.

युरोपीय संघाने १९९४ मध्येच त्वचेला चिकटून राहणाऱ्या वस्तूंमधून किती निकेल सुटावं यावर मर्यादा घातली. आपण काय करायचं? टोचलेल्या कानात जखम भरेपर्यंत सोनं किंवा टायटॅनियम. बावीस कॅरटच्या सोन्यात साधारणपणे तांबं आणि चांदी असते, त्याचा त्रास क्वचितच. ‘व्हाइट गोल्ड’मध्ये मात्र निकेल असू शकतं, सराफाला विचारून घ्या. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्ट्या लावून चाचणी करतात, त्यात नक्की कळतं. आणि नाणी हाताळून काय होतं? बहुतेकांना काहीच नाही. दिवसभर चिल्लर मोजणाऱ्या माणसाला आधीच ॲलर्जी असेल तर बोटं खाजू शकतात. स्वीडनने २०१६ च्या नव्या नाण्यांतून निकेल काढून टाकलं.

हे येतं कुठून?

निकेल वेगळं मूलद्रव्य आहे हे १७५१ मध्ये स्वीडनच्या आक्सेल क्रोनस्टेट याने दाखवलं. पण माणसाने ते नकळत त्याच्या जवळजवळ दोन हजार वर्षं आधी वापरलं होतं. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात बॅक्ट्रिया (आजच्या उत्तर अफगाणिस्तानचा भाग) आणि वायव्य भारतात राज्य करणाऱ्या पँटालिऑन आणि अगॅथोक्लीज या ग्रीक राजांची तांबं-निकेलची नाणी सापडली आहेत. हा तोच अगॅथोक्लीज, ज्याच्या चांदीच्या नाण्यांवर कृष्ण-बलराम दिसतात.

आज जगातलं निम्म्याहून जास्त निकेल एकट्या इंडोनेशियाच्या खाणींतून निघतं. त्यांनी २०२० पासून कच्चं खनिज बाहेर विकणं बंद केलं, ‘कारखाना इथे टाका, मग धातू न्या’ असं धोरण. बहुतेक निकेल स्टेनलेस स्टीलमध्ये जातं. विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांचा वाटा त्यापेक्षा कमी, पण ओढ मोठी. भाव किती बेभरवशाचे याचं उदाहरण म्हणजे ८ मार्च २०२२: लंडनच्या धातुबाजारात निकेल टनाला एक लाख डॉलरच्या वर गेलं आणि बाजाराने त्या दिवशीचे सौदेच रद्द करून टाकले. भारतात ओडिशाच्या सुकिंदा खोऱ्यात क्रोमाइटच्या खाणींवरच्या मातीत निकेल आहे, काढणं खर्चिक. निकेल तयार करणारा कारखाना आहे तो गोव्यात, कुंकळ्ळीला. निकोमेट नावाचा हा कारखाना वेदांताने २०२१ च्या अखेरीस विकत घेतला.

आणि ज्यांनी लहानपणी डालड्याच्या डब्यात तुळस लावलेली पाहिली आहे, त्यांनी निकेलचा आणखी एक उद्योग न कळत खाल्ला आहे. तेलात हायड्रोजन मुरवून ते गोठवायला निकेलची बारीक पूड वापरतात. नंतर ती गाळून काढतात.

जुनी नाणी विकून लाखो मिळतात का?

नाही. १९४७ चा वाघाचा रुपया छान आहे, पण दुर्मीळ नाही. नाणीबाजारात तो सहज मिळतो. ‘हे नाणं द्या, पाच लाख घ्या, आधी एवढा कर भरा’ असं सांगणारा फोन आला तर बंद करा. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे पैसे उकळले जात होते म्हणून बँकेने २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता: आम्ही जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत नाही आणि त्यासाठी कुणाकडून शुल्कही घेत नाही. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी जून २०११ अखेर चलनातूनही गेली. पन्नास पैसे अजून चालतात, दुकानदार घेवो न घेवो.

विकायचीच असतील तर आधी घासू नका. चिंच, राखुंडी, पितांबरी, काहीही नको. घासलेलं नाणं चकाकतं, पण वरची बारीक नक्षी जाते, आणि संग्राहक भिंगातून आधी तेच बघतो.